उत्तर: भारतातून येणाऱ्या मेहुण्यांना घेऊन लाँग्स पीक एका दिवसात जमेल का?

तुमचा बेत असा दिसतोय: मेहुणे पुण्याहून गुरुवारी रात्री डेन्व्हरला उतरणार, शनिवारी तुम्ही दोघं कीहोल रूटने (कड्यातल्या किल्लीच्या भोकासारख्या खिंडीतून जाणाऱ्या वाटेने) कोलोरॅडोच्या रॉकी माउंटन नॅशनल पार्कमधलं लाँग्स पीक करणार. दोघांचंही सह्याद्रीतलं अलंग-मदन-कुलंग झालंय, नळीची वाट झालीय. मेहुण्यांना बीपीची एक गोळी चालू आहे, पण 'बाकी एकदम फिट'. पहाटे सहाला निघालं तर चालेल का, वर रेलिंग किंवा शिड्या आहेत का, हे तुम्ही विचारलंय. आणि शेवटी जाता जाता लिहिलंय, 'इन्शुरन्स कुठलातरी स्वस्तातला घेऊन टाकू.' त्या शेवटच्या वाक्यामुळे लिहायला बसलो. बूट, हेडलॅम्प, जाकिटं यावर बाकीच्यांनी लिहिलंच आहे आणि तुम्ही काही नवखे नाही, ते सोडून देतो.

आधी तुमच्या प्रश्नांची उत्तरं. सहाला निघालात तर चालणार नाही. रात्री दोन ते तीनच्या दरम्यान पाय वाटेवर हवेत. जुलै-ऑगस्टमध्ये इथे दुपारी ढग भरतात आणि विजा पडतात. अकरा हजार फुटांच्या आसपास झाडी संपते, त्यानंतर आडोसा असा नाहीच. माथ्यावरून परत झाडीत यायला तीन-चार तास सहज जातात, म्हणजे नऊ-दहापर्यंत माथा सोडलेला बरा. आपल्याकडे पावसात भिजत चढायची सवय असते, 'आला पाऊस तर येऊ दे' हा सह्याद्रीतला बाणा. तो बाणा कृपया घरी ठेवून या. इथे प्रश्न भिजण्याचा नाही, विजेचा आहे. कीहोलपाशी दगडी खोपी आहे, तीही विजेपासून वाचवत नाही. (1925 च्या जानेवारीत ॲग्नेस व्हेल ही गिर्यारोहक पूर्वेचा कडा हिवाळ्यात पहिल्यांदा चढून उतरताना थंडीने गेली, तिला आणायला निघालेल्यांतला एक जणही गेला. खोपी तिच्या स्मरणार्थ आहे.)

एक गंमत सांगतो. रात्री दोनला उठणं मेहुण्यांना तुमच्यापेक्षा सोपं जाईल, कारण तेव्हा पुण्यात दुपारचा दीड वाजलेला असतो. जेटलॅगचा हा एवढाच फायदा.

रेलिंग नाही, शिड्या नाहीत, कळसूबाईसारखं काहीही नाही. उत्तरेच्या बाजूला 1925 मध्ये पोलादी दोर बसवले होते, ते 1973 मध्ये काढून टाकले. आता कीहोलच्या पलीकडे खडकावर रंगवलेली लाल-पिवळी वर्तुळं शोधत जायचं, बस्स.

उंचीचं मात्र थोडं सविस्तर सांगायला हवं. कळसूबाई 1,646 मीटर, म्हणजे 5,400 फूट. डेन्व्हर शहर 5,280 फुटांवर. महाराष्ट्राच्या सर्वोच्च माथ्यावर आपण जेवढ्या उंचीवर असतो, जवळपास तेवढ्या उंचीवर इथली मंडळी भाजी आणायला जातात. लाँग्स पीकची वाट सुरू होते 9,400 फुटांवर आणि माथा आहे 14,259 फुटांवर. जाऊन-येऊन सुमारे 15 मैल, चढ पाच हजार फुटांच्या आसपास. अलंग-मदनचा रोप, कातळातल्या पायऱ्या, दृष्टिभय पचवणं, हे सगळं तुमच्या जमेला आहेच. पण उंचीचा अनुभव सह्याद्रीत मिळतच नाही, मग पाय कितीही तयार असोत. त्यामुळे गुरुवारी रात्री उतरून शनिवारी चढाई हे माझ्या मते चूक आहे. आठवडाभर थांबा. मधे दोन-तीन रात्री एस्टेस पार्कला काढा, ते साडेसात हजार फुटांवर आहे, आणि एखादा सोपा दहा-अकरा हजारांचा फेरा मारा. मी डॉक्टर नाही. डायमॉक्सचं (उंचीच्या त्रासावरची गोळी) आणि बीपीच्या गोळीचं त्यांच्या डॉक्टरांना विचारा, इथे कोणी सुचवलेल्या डोसवर जाऊ नका.

आता आमचं.

आमचे साडू नाशिकहून आले होते. पन्नाशीच्या आतले, आठवड्याला एक किल्ला करणारे, बीपीची सकाळी एक गोळी. माथा व्यवस्थित झाला. नॅरोजचं नाव ऐकून लोक उगाच घाबरतात. पट्टी अरुंद आहे, खाली खोल आहे, पण ज्याने कातळातल्या वाटा केल्यात त्याला ती जमते. होमस्ट्रेचच्या, म्हणजे माथ्याखालच्या शेवटच्या चढाच्या, गुळगुळीत ग्रॅनाइटवर दोन्ही हात टेकवत चढायचं, उतरताना सरळ बसून घ्यायचं. खरी वैतागाची जागा म्हणजे ट्रफ. लांबलचक घळ, सुटे दगड, वर लोक, खाली लोक. तिथेच उतरताना साडूंच्या पायाखालचा एक दगड हलला, ते कुशीवर पडले आणि टेकवलेल्या हाताचं मनगट मोडलं. बाकी काही नाही. हात गळ्यात बांधून स्वतःच्या पायांनी खाली आले, कीहोलच्या अलीकडच्या बोल्डरफील्डमध्ये (मोठाल्या दगडांचा पसारा) बसून आग्रहाने तिळाची वडीही खाल्ली. डोंगराचा भाग इथे संपला.

पुढे जे सुरू झालं ते पुढचा उन्हाळा उजाडला तरी संपलं नव्हतं.

इमर्जन्सी रूममध्ये नर्सने विचारलं, कसं वाटतंय. साडूंनी प्रामाणिकपणे सांगितलं, आता बरं आहे, वर जरा गरगरल्यासारखं झालं होतं. ते बोलत होते कीहोलच्या अलीकडच्या चढाबद्दल, पहाटेच्या. पडले त्याच्या कितीतरी तास आधीच्या. नर्सने एका ओळीत लिहिलं: चक्कर, पडला, मनगटाला इजा, रक्तदाबाचं औषध चालू. तिचं काही चुकलं नाही, तिला शंभर पेशंट असतात. पण विमा कंपनीच्या क्लेम विभागाने ती ओळ उचलली आणि तिचा असा अर्थ लावला: रक्तदाबामुळे चक्कर, चकरेमुळे पडणं, म्हणून मोडलेलं मनगट हा आधीपासूनच्या आजाराचा परिणाम. आणि आधीपासूनचा आजार पॉलिसीत बसत नाही.

मनगट. रक्तदाबामुळे. ठीक आहे.

त्यांनी थेट 'नाही' म्हटलं असतं तर निदान लगेच अपील तरी करता आलं असतं. तसं ते म्हणत नाहीत. 'फाइल अपूर्ण आहे' म्हणतात. मागच्या काही वर्षांच्या सगळ्या तपासण्यांच्या नोंदी पाठवा. आता नाशिकच्या फॅमिली डॉक्टरांकडे नोंदी कसल्या? तिथे पाकिटाएवढी चिठ्ठी असते, तीही पेशंटच्या घरी फ्रीजवर चुंबकाखाली. डॉक्टरांनी बिचाऱ्यांनी लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी लिहून दिलं की रक्तदाब आटोक्यात आहे, कधी चक्कर आलेली नाही. उत्तर आलं, पत्र चालत नाही, प्रत्येक भेटीच्या मूळ नोंदी हव्यात. त्या नाहीत म्हटल्यावर, नाहीत असं डॉक्टरांच्या सहीने द्या. ते दिलं तर पोचलं नाही, पुन्हा फॅक्स करा. फॅक्स! दर वेळी फोनवर नवा माणूस, दर वेळी जन्मतारखेपासून सुरुवात, आणि वर 'तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' ही ध्वनिफीत. त्या दरम्यान हॉस्पिटलचं बिल वेगळं, डॉक्टरचं वेगळं, एक्स-रे वाचणाऱ्याचं वेगळं, अशी पाकिटं माझ्या पत्त्यावर येत राहिली. साडू नाशिकला पोचून प्लास्टर काढून पुन्हा किल्ल्यांवर जायला लागले होते. रोज फोन करून 'काय झालं हो' विचारायचे आणि त्यांना अपराधी वाटायचं, ते मला जास्त लागलं. पाहुणा म्हणून आलेल्या माणसाने बिलाबद्दल वर्षभर संकोचात राहावं, हे बरं नाही.

सुटलं कसं, ते तुमच्या कामाचं आहे. हॉस्पिटलच्या नोंदी आधी मी मागवल्याच नव्हत्या, कारण कंपनीने सगळा रोख भारताकडच्या कागदांवर ठेवला होता. हॉस्पिटलमध्ये नोंदींचा स्वतंत्र विभाग असतो, पेशंटच्या सहीने तिथून पूर्ण फाइल मिळते. ती आल्यावर नर्सची ओळ आणि तपासणाऱ्या डॉक्टरांची टीप शेजारी ठेवून वाचली. डॉक्टरांच्या टिपेत दगड सरकल्याचा उल्लेख होता, पण अर्धवट. त्यांना लेखी विनंती केली की पडण्याचं कारण आणि वेळ स्पष्ट करणारी पुरवणी जोडा. त्यांनी जोडली. मग राज्याच्या विमा नियामकाकडे तक्रार आणि कंपनीकडे अपील, दोन्ही एकदम टाकलं. त्यानंतर 'अपूर्ण' फाइल अचानक पूर्ण झाली. सगळे पैसे आले नाहीत, बरेचसे आले.

म्हणून तुम्हाला सांगतो, आणि हे माझं मत आहे, मी वकील नाही, तुमची पॉलिसी वेगळी असू शकते:

स्वस्तातली म्हणून जी मिळते ती बहुधा 'फिक्स्ड बेनिफिट' असते. प्रत्येक उपचाराला ठरलेली छोटी रक्कम, बाकी तुमचं. इथल्या इमर्जन्सीच्या बिलापुढे ती रक्कम म्हणजे दर्यामें खसखस. 'कॉम्प्रिहेन्सिव्ह', म्हणजे ठरलेल्या मर्यादेपर्यंत प्रत्यक्ष बिल भरणारी घ्या, आणि विकणाऱ्या साइटवरचा रंगीत तक्ता न वाचता पॉलिसीच्या पीडीएफमधलं वगळलेल्या गोष्टींचं पान वाचा. तिथे तीन गोष्टी पाहा: आधीपासूनच्या आजाराची व्याख्या किती मागे जाते, गिर्यारोहण वगळलंय का, आणि उंचीची मर्यादा घातली आहे का. पार्कच्या स्वतःच्या माहितीत स्पष्ट लिहिलंय की कीहोल रूट हा हाइक नाही, क्लाइंब आहे. कंपनीला हे वाक्य सापडायला वेळ लागत नाही. आमच्या बाबतीत त्यांनी ते काढलं नाही, कारण बीपीचं हत्यार हाताशी होतं. कंपनीला आधीच ईमेल करून विचारा: दोर न वापरता, गाइडशिवाय, 14,259 फुटांपर्यंत, चालेल का? फोनवर विचारू नका. लेखी उत्तर येईपर्यंत पैसे भरू नका.

मेहुण्यांना निघण्याआधी डॉक्टरांकडून बीपीच्या मोजण्या तारखांसकट लिहून आणायला सांगा. चार ओळी असल्या तरी चालतील, पण तारखा हव्यात. इमर्जन्सीची वेळ आलीच तर तुम्ही सोबत आत जा. खोटं सांगा असं अजिबात म्हणत नाही. गरगरलं असेल तर सांगायलाच हवं, उंचीवर ते महत्त्वाचं असतं. पण कधी गरगरलं, कधी पडले, कशामुळे पडले, हे तीन वेगळ्या वाक्यांत सांगा आणि निघण्याआधी काय लिहिलंय ते वाचायला मागा. आणि तिथे सह्या करायला कागद देतात, त्यात पैशांची हमी घेणारा म्हणून तुमचं नाव घातलं नाही ना, ते बघा. घाईत आपण पाहुण्यांसाठी म्हणून सही ठोकून मोकळे होतो.

'रेस्क्यूचा खर्च कोण देतं' असं वर एकाने विचारलंय. नॅशनल पार्कमधली शोध-सुटका सहसा फुकट असते. दवाखान्यात नेणारं हेलिकॉप्टर किंवा ॲम्ब्युलन्स फुकट नसते. कोलोरॅडोचं कॉर्सार कार्ड (शोध-सुटकेच्या निधीला हातभार लावणारं) थोडक्या डॉलरांत मिळतं, घ्या, शोधपथकांना मदत होते. पण तो विमा नाही, त्यातून हॉस्पिटलचं बिल भरलं जात नाही. हा गैरसमज आपल्या मंडळींत फार आहे.

बाकी किरकोळ. पार्किंग शनिवार-रविवारी रात्री तीनच्या आधीच भरतं, शक्य असेल तर मंगळवार-बुधवार गाठा. काठ्या बोल्डरफील्डपर्यंत कामाच्या, पुढे हात मोकळे हवेत. पण त्या कीहोलपाशी ठेवून जाऊ नका, मारमट (खारीच्या कुळातला मोठा प्राणी) घामाच्या मिठासाठी मुठी आणि पट्टे कुरतडतात. सॅकला बांधून न्या. जेवण जात नाही उंचीवर, त्यामुळे थालीपिठांचा डबा भरून नेण्यात अर्थ नाही. खजूर, वडी, चिक्की असं सुटं खिशात ठेवा.

आणि कीहोलला पोचल्यावर मेहुण्यांचं डोकं दुखत असेल किंवा पश्चिमेकडून ढग दिसत असतील तर तिथूनच फिरा. कीहोलमधून पलीकडची दरी दिसते तेवढ्यासाठीही इतकं चालणं वसूल आहे. माथा न झाल्याचं मेहुण्यांना वाईट वाटेल, तुमच्या बायकोला वाटणार नाही.

पॉलिसी घेतली असेल तर वगळलेल्या गोष्टींचं पान इथे टाका, नाव आणि नंबर खोडून. बघून सांगतो.