सासूबाईंना कोणता छंद लावावा? आधी दाराचा कोड द्या

तुम्ही लिहिलंय की सासूबाई ६७ वर्षांच्या आहेत. सासरे गेल्यावर त्या गावाहून ठाण्याला तुमच्याकडे आल्या. नातू शाळेत, तुम्ही दोघं ऑफिसात आणि त्या दिवसभर टीव्हीसमोर. योगाचा क्लास लावून दिलात, तो पंधरा दिवसांत सोडला. स्मार्टफोन घेऊन दिलात, तो कपाटात पडून. तर आता ‘त्यांचा वेळ जावा म्हणून कोणता छंद लावावा?’

मी ७१ वर्षांची आहे, मीही कुणाची तरी सासू आहे आणि तुमचा प्रश्न वाचता वाचता माझं गॅसवरचं दूध उतू गेलं. तेव्हा थोडं कडक लिहिलं गेलं तर सांभाळून घ्या.

छंद लागतो हो, लावत नाहीत. क्लास तुम्ही शोधलात, वेळ तुम्ही ठरवलीत, फी तुम्ही भरलीत, वर चटईसुद्धा तुम्हीच आणली असेल. त्यांनी सोडला तर नवल काय? आणि वेळ ‘जावा’ म्हणजे? त्या काय एसटी स्टँडवर बसल्यात का, गाडी लागेपर्यंत वेळ काढायला?

माझं सांगते. १९७६ साली मी सातारच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागले. कानाला हेडसेट, समोर कॉर्डचा बोर्ड. ट्रंक कॉल बुक करायचा, लाइन मिळाली की जोडून द्यायचा, तीन मिनिटं झाली की मध्ये तोंड घालून सांगायचं. साधा, अर्जंट, लाइटनिंग. लाइटनिंग आला की आमच्या पोटात गोळा यायचा, कारण एकतर कुणीतरी गेलेलं असायचं नाहीतर गुळाचा भाव पडलेला असायचा. गावातले डॉक्टर, पोलीस चौकी, नगरपालिका, कंदी पेढेवाले, कुणाचाही नंबर सांगताना मी डायरी उघडत नसे. लोक नंबर सांगतच नसत, ‘अमक्या वकिलांकडे द्या हो ताई’ म्हणत. पुढे बोर्ड गेले, मी १९७ वर चौकशीला बसले. तिथेही तेच, लोक नाव सांगायचे आणि माझ्या तोंडून नंबर बाहेर पडायचा. निवृत्त झाले तेव्हा डोक्यात किती नंबर होते देव जाणे. त्यातले निम्मे अजून आहेत, निरुपयोगी, पण आहेत.

हे गेल्यावर मुलाने पुण्याला आणलं. बावधनला अकरावा मजला. दाराला किल्लीच नाही, बोट लावायचं कुलूप. माझंही बोट त्यात घातलं होतं. पावसाळ्यात ठीक चालायचं. थंडी सुरू झाली, बोटं कोरडी पडली आणि कुलूप मला ओळख दाखवेना. साठीनंतर बोटांवरच्या रेषा झिजतात, त्यात भांडी घासलेला हात. रेशनच्या दुकानात म्हाताऱ्या माणसांचे अंगठे उमटत नाहीत, तोच प्रकार. बोट नाही चाललं तर आकड्यांचा कोडही होता. तो मला दिलेला नव्हता. हे लक्षात ठेवा, याच्यावरूनच सगळं भांडण आहे.

जानेवारी २०२३. खाली गाडीवर मटार स्वस्त आले होते. मी फक्त पिशवी आणि शंभराची नोट घेऊन उतरले. फोन चार्जिंगला. दोन किलो मटार घेऊन वर आले, बोट लावलं. लाल. पदराला पुसून लावलं. लाल. जिभेवर ओलं करून लावलं (हो, लावलं). लाल. पाच वेळा चुकल्यावर ते कुलूप किंचाळायला लागलं, तेव्हा शेजारच्यांनी दार किलकिलं करून बघितलं आणि परत लावून घेतलं. दुपारचा एक वाजला होता. सून साडेसहाला येणार, मुलगा आठला.

जिन्यात बसावं तर लिफ्टमधून येणारा जाणारा बघणार. म्हणून खाली गेले आणि बागेतल्या सिमेंटच्या बाकावर बसले. नुसतं बसलं की माणूस बिचारं दिसतं. म्हणून पदर पसरला आणि मटार सोलायला घेतले. टरफलं पिशवीत, दाणे पदरात, कीड लागलेला दाणा बाकाच्या कडेला.

पंधरा मिनिटांत बी विंगमधल्या एक बाई समोर येऊन उभ्या. सोलापूरच्या. वर्षभर त्यांना मी लिफ्टमध्ये बघत होते, मान हलवण्यापलीकडे ओळख नाही. ‘एकट्याच सोलताय?’ म्हणाल्या आणि बसल्या. त्या सोलायला लागल्यावर मला कळलं की बाईंना चार पोरं वाढवलेला हात आहे, माझी एक शेंग होईपर्यंत त्यांच्या तीन. मग वसईच्या एक आल्या, कुपारी ख्रिश्चन, त्यांनी स्वतःची खुर्ची आणली. मग ७७ वर्षांच्या एक, कारवारकडच्या, त्यांना नीट दिसत नाही, पण शेंग हातात घेऊन भरलेली आहे की पोकळ ते सांगतात. दोन किलो मटार तासाभरात संपले. संपल्यावर कुणी उठेना. कुणीतरी म्हणालं, अजून आणूया का?

त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की आम्ही चौघी एकमेकींना फक्त ‘अमक्याची आजी’ म्हणून ओळखत होतो. सोलापूरच्या बाई म्हणाल्या, तीन वर्षं इथे राहते, माझं नाव विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच. 

साडेतीनला नातवाची स्कूलबस आली. तेव्हा तो दुसरीत होता. त्याने दार उघडलं, मी आत गेले, पदरातले मटार परातीत ओतले. संध्याकाळी सगळं सांगितलं तर मुलगा काय म्हणावा? ‘अगं वॉचमनकडून फोन करायचास ना. खाली बसून मटार काय सोलत बसलीस, लोक काय म्हणतील?’ आणि मग हसत हसत, ‘आणि कोड दिला होता की मी तुला. तूच विसरलीस.’

मी. विसरले.

बरं, तिथे थांबला असता तर मीही सोडून दिलं असतं. पण आता हा त्याचा घरातला हुकमी किस्सा झालाय. मुंज असो, डोहाळजेवण असो, ‘आमची आई एकदा कोड विसरून बाहेर बसली’ हा प्रयोग होतोच, आणि पाहुणे माझ्याकडे बघून कसे मऊ हसतात! या वयात एकदा तुमच्यावर ‘विसरते’ असा शिक्का बसला की तुम्ही काहीही सांगा, समोरचा आधी तुमच्या लेकाकडे बघतो, खरं का म्हणून.

असो. बाक मात्र सुटला नाही. रोज चार वाजता कुणीतरी काहीतरी निवडायला घेऊन येतं. मेथी, गवार, एकीने तर सुनेचं खिळे-स्क्रूचं डबडं आणलं होतं. भिशी सुरू झाली, महिन्याला पाचशे. रविवारी पत्ते, मेंढीकोट, आणि कारवारच्या आजी न दिसताही जिंकतात, त्याचं रहस्य अजून उलगडलेलं नाही. माझा जुना छंद शब्दकोड्याचा. आता मी ते मोठ्याने वाचते आणि सगळ्याजणी मिळून चुकीची उत्तरं देतात.

मार्चमध्ये एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं (१७ मार्च २०२३ पासून). पंचाहत्तरीपुढच्यांना तर ऑगस्ट २०२२ पासूनच फुकट होतं. नोव्हेंबरात आम्ही स्वारगेटवरून वाईची गाडी धरली. मुलाने विचारलं, ‘कुणाला विचारून ठरवलंत?’ म्हटलं, कंडक्टरला. कारवारच्या आजींनी आधार कार्ड दाखवून शून्य रुपयाचं तिकीट घेतलं आणि ते वाईपर्यंत घडी न घालता हातात धरलं. आधी ढोल्या गणपती केला, मग रिक्षाने मेणवलीला, नाना फडणवीसांच्या वाड्यावर. वाडा बघून गुडघे बोलायला लागले, पण घाटावर गेलोच. तिथे देवळाशी एक मोठी पंचधातूची घंटा टांगली आहे. १७३९ ला चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधून ज्या घंटा आणल्या त्यातली ही एक. आम्ही तिघी ‘केवढी मोठी’ म्हणून मोकळ्या झालो. वसईच्या बाई मात्र जवळ गेल्या, चष्मा पुसला आणि घंटेवरच्या आकृतीवर बोट टेकवून उभ्या राहिल्या. बाळ घेतलेली मेरी आहे त्यावर. ‘आमच्याकडची गं ही,’ एवढंच म्हणाल्या. मग पिशवीतून चकलीचा डबा काढला आणि सगळ्यांना दोन-दोन वाटल्या, जसं काही माहेरचं माणूस भेटल्यावर आपणच यजमान.

हे सगळं कुठल्या क्लासमध्ये शिकवतात ते मला सांगा.

तर तुमच्या प्रश्नाकडे येते. सासूबाईंना घराची किल्ली आहे का? त्यांच्या हातात, पर्समध्ये, तुमच्या ड्रॉवरमध्ये नव्हे. बोटाचं कुलूप असेल तर कोड सांगा आणि एकदा त्यांनाच उघडायला लावा. दुसरं, पैसे. मला पेन्शन आहे म्हणून माझी जीभ चालते हे मलाही कळतं. त्यांना नसेल तर दर महिन्याला हातात द्या आणि कशावर गेले ते विचारू नका, मग ते भिशीत बुडोत. तिसरं, भाजी ऑनलाइन मागवणं बंद करा. म्हाताऱ्या बाईला घराबाहेर काढायला भाजीवाल्याइतका चांगला माणूस नाही. आणि नातू शाळेतून आल्यावर त्याला सांभाळायचं असेल तर तसं सरळ सांगा, सुट्टीचा वार ठरवून द्या. ‘तुम्हाला तेवढाच विरंगुळा’ हे वाक्य कृपा करून वापरू नका. मीही नातू सांभाळते, मला आवडतो तो, पण काम ते काम.

हो, आणि सगळ्याच बायका माझ्यासारख्या भोचक नसतात. काहींना खरंच शांत बसायचं असतं, नवरा जाऊन वर्षही झालं नसेल तर बसू द्या, टीव्ही काही वाईट नाही. एसटीची सवलत राज्याच्या हद्दीतच चालते आणि ठाण्यातल्या शहर बसचा नियम वेगळा असेल, तो तिथे विचारा. रेल्वेने ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये काढून घेतली ती अजून दिलेली नाही, त्यामुळे लांबच्या गाडीचा हिशोब वेगळा करा. आणि गॅस चालू राहणं, ओळखीचा रस्ता चुकणं असं खरोखर होत असेल तर किल्लीच्या आधी डॉक्टरकडे जा. ते वेगळं असतं. पण ते डॉक्टरांनी सांगू दे, मुलाने पाहुण्यांसमोर नको.

माझा मुलगा हे उत्तर वाचेल, कारण हे ॲप त्यानेच घालून दिलंय. तर बाळा, ऐक. त्या दिवशी साडेतीनला दारापाशी तुझा मुलगा टाचा उंचावून उभा राहिला आणि मला म्हणाला, ‘आजी, तू तिकडे बघ. बाबांनी सांगितलंय आजीला कळू द्यायचं नाही, ती कागदावर लिहून दाराला चिकटवेल.’ मी तिकडे बघितलं. पण कान माझेच होते. सहा टिकटिक झाल्या. सहा आकडे, ते या घरात दुसऱ्या कशाचे असणार? तो जन्मला त्या रात्री हॉस्पिटलच्या बाकावर मीच बसले होते.

दुसऱ्या दिवशी सगळे गेल्यावर मी बाहेर आले, दार ओढून घेतलं आणि त्याची जन्मतारीख दाबली. हिरवा दिवा लागला. पुन्हा बंद केलं, पुन्हा उघडलं. शेजारच्यांनी डोकावून बघितलं, त्यांना म्हटलं, काही नाही, चाललंय.

त्यानंतर तू कोड दोनदा बदललास. दोन्ही वेळा मला कुणी सांगितलेलं नाही आणि दोन्ही मला पाठ आहेत.