भुताटकीच्या घरात शिरणारा संशोधक भयकथेत नेहमी हरतोच का?

आपण विचारले आहे की, उपकरणे घेऊन झपाटलेल्या घरात शिरणारा संशोधक भयकथेत नेहमी हरतोच का, आणि तो हरणार हे ठाऊक असताना वाचकाने घाबरावे तरी का. तो नेहमी हरत नाही. पण चांगल्या कथेत तो हरतो तेव्हा अडाणी असल्यामुळे हरत नाही. त्याचे बरेचसे बरोबर असते आणि तरीही ते पुरे पडत नाही, आणि खरी भीती तिथेच असते.

रिचर्ड मॅथेसन यांची १९७१ सालची कादंबरी 'हेल हाउस' पाहा (शेवट सांगितल्याशिवाय मुद्दा मांडता येणार नाही). तिच्यातले संशोधक डॉ. बॅरेट यांच्या मते झपाटलेल्या घरात आत्मा वगैरे काही नसून साठून राहिलेली विद्युतचुंबकीय ऊर्जा आहे, आणि ती नाहीशी करणारे अवजड यंत्र ते तिथे आणवतात. यंत्र काम करते. तरीही बॅरेट मरतात, कारण घराच्या मृत मालकाने, बेलास्कोने, स्वतःसाठी शिशाने मढवलेली, म्हणजे यंत्राचा परिणाम आत पोहोचू न देणारी, गुप्त खोली जिवंतपणीच बांधून ठेवलेली असते. म्हणजे सिद्धान्त चुकत नाही, प्रतिस्पर्ध्याला तो आधीच कळलेला असतो.

शर्ली जॅक्सन यांच्या १९५९ सालच्या 'द हॉन्टिंग ऑफ हिल हाउस' या कादंबरीमध्ये मला याहून खोल काही सापडते. मुलांच्या खोलीच्या दारापाशी एक गारठलेली जागा आहे. संशोधक डॉ. माँटेग्यू ती मोजायला जातात, तेव्हा थंडीने खडूसुद्धा हातात धरवत नाही, आणि त्याच जागी ठेवलेल्या तापमापकात मात्र काहीच फरक पडत नाही. अंग खोटे की उपकरण खोटे, हे ठरवता न येणे मला कोणत्याही किंकाळीपेक्षा भयानक वाटते. शिवाय तिथे बळी संशोधकाचा जात नाही. त्याने प्रयोगासाठी बोलावलेल्या एलेनॉरचा जातो, आणि तोही तिच्याच भल्यासाठी तो तिला परत पाठवत असताना. अशा कथांतल्या संशोधकाची ही जबाबदारी फार थोडे लेखक मनावर घेतात.

जिंकणारा संशोधक हवा असेल, तर विल्यम होप हॉजसन यांचा कार्नाकी, भुताटकीचा छडा लावणारा नायक, वाचावा. या कथा १९१० पासून प्रसिद्ध होऊ लागल्या. हा गृहस्थ आधी माणसांवरच संशय घेतो, कोणी दार उघडले तर कळावे म्हणून दारांना केस ताणून लावतो, खोल्या मोहोरबंद करतो आणि मगच संरक्षणासाठी विजेच्या दिव्यांचे पंचकोनी रिंगण मांडून त्यात बसतो. त्याची काही प्रकरणे निव्वळ माणसांची लबाडी निघतात, काही खरी असतात आणि एका कथेत तर दोन्ही एकाच वेळी घडते. त्यामुळे नवी कथा उघडताना वाचक पैज लावू शकत नाही.

आपण स्वतः अशी कथा लिहिणार असाल, तर संशोधकाला खरी, काटेकोर पद्धत द्या आणि ती आधी एकदा यशस्वी होऊ द्या: एखादा आवाज नळातल्या हवेचा निघू द्या, एखादी सावली खिडकीबाहेरच्या फांदीची. वाचकाचा त्याच्यावर विश्वास बसला, की मगच त्याच्या नोंदवहीत अशी एक नोंद येऊ द्या, जी त्याला खोडताही येत नाही आणि समजावून सांगताही येत नाही.