१,४०,००० किमी झालेल्या ऑटोमॅटिक गाडीचं गिअर ऑइल आता बदलावं का?

तुमची २०१० ची होंडा सिटी, पाच गिअरची ऑटोमॅटिक. ऑइल एकदाही बदललेलं नाही आणि मेकॅनिक म्हणतो, "आता हात लावू नका, बदललं की गिअरबॉक्स बसेल." हे वाक्य नाशकात द्वारकेपासून सातपूरपर्यंत कुठल्याही गॅरेजात फुकट मिळतं. बदला.

अंबडला अशीच एक सिटी लिफ्टवर चढली होती. तक्रार एकच: मशीनने फ्लश करून, म्हणजे दाबाने सगळं जुनं ऑइल बाहेर ढकलून, नवं भरलं आणि चौथ्या दिवशी गाडी घसरायला लागली, आरपीएम चढतो पण वेग चढत नाही. आधी डिपस्टिक, म्हणजे ऑइल बघायची पट्टी, काढून बघितली होती का, तर नाही. ड्रेन प्लगच्या, म्हणजे ऑइल काढायच्या बुचाच्या, चुंबकावर राखाडी चिखल होता. तो प्रत्येक बॉक्समध्ये असतो, त्याची काळजी नको. पण त्या चिखलात चमकणाऱ्या कपच्या रुतल्या होत्या. चार दिवसांत एवढी झीज होत नाही. कसारा घाटात तापून तापून ऑइल कधीचं मेलं होतं, क्लच प्लेटा आधीच जळल्या होत्या. वर भरलेलं ऑइल कुठलं? "लालवालं." लाल दिसतं म्हणून सगळं एकच नसतं. या बॉक्सला होंडाचं डीडब्ल्यू-१ हे ऑटोमॅटिकचं ऑइलच लागतं. पण नाव खराब झालं ते ऑइल बदलण्याचं.

मशीन लावू देऊ नका, नुसतं काढा-भरा करा. एका वेळी सुमारे अडीच लिटर निघतं. बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना ऑइलने जोडणारा भाग) आणि नळ्यांत राहतं. एकूण सहाएक लिटर धरलं तर एका खेपेला चाळीसएक टक्के नवं होतं, तीन खेपांत ऐंशीच्या आसपास. म्हणजे साडेसात लिटर आणून ठेवा. खेपा एकाच दिवशी उरकू नका, मध्ये एखादी मुंबईची फेरी होऊ द्या.

ड्रेन प्लगला चौकोनी खाच असते, त्यात थ्री-बाय-एट इंची रॅचेट पाना थेट बसतो. तिथे पक्कड घालणाऱ्याला गाडी देऊ नका, खाच गोल झाली की पुढचं सगळं वेल्डिंगवर जातं. वॉशर दर वेळी नवा, प्लग आवळायचा टॉर्क ४९ न्यूटन-मीटर. निघालेलं ऑइल मापात मोजा आणि तेवढंच लांब नरसाळ्याने डिपस्टिकच्या भोकातून भरा. मग ब्रेक दाबून प्रत्येक गिअरमध्ये तीन-चार सेकंद थांबा.

लेव्हलला घोळ हमखास होतो. रेडिएटरचा पंखा दोनदा फिरेपर्यंत इंजिन तापवा, बंद करा आणि साठ ते नव्वद सेकंदांत डिपस्टिक बघा. टोयोटाच्या सवयीने इंजिन चालू ठेवून बघाल तर आकडा चुकेल. आणि आतली जाळी बॉक्स उघडल्याशिवाय निघत नाही, तिच्या नावाने बिल लावलं तर भांडा.

आता हे आधीच सांगायला हवं होतं: पहिल्यांदा डिपस्टिक पांढऱ्या कागदावर टेकवा. तपकिरी असेल तर चालेल. काळं आणि जळका वास, किंवा गाडी आत्ताच घसरत असेल, तर नव्या ऑइलने क्लच परत येणार नाहीत. तुमचा मेकॅनिक तेवढ्यापुरता बरोबर. हे सगळं या पाच गिअरच्या बॉक्सचं. २०१४ पासूनच्या ऑटोमॅटिक सिटीत सीव्हीटी आहे, म्हणजे ठरावीक गिअर नसलेला, पट्ट्यावर चालणारा बॉक्स; तिला एचसीएफ-२ हे वेगळं ऑइल लागतं. तिच्यात डीडब्ल्यू-१ ओतू नका.