सोसायटीच्या खजिनदाराबद्दल सभासदांच्या ग्रुपवर खरं तेच लिहिलं, तरी अब्रुनुकसानीचा फौजदारी खटला टिकेल का?

टिकू शकतो. दिवाणी दाव्यात मजकूर खरा ठरला की सहसा विषय मिटतो, फौजदारीत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 चा (1 जुलै 2024 आधीच्या मजकुराला जुन्या भारतीय दंड विधानाच्या कलम 499 चा) पहिला अपवाद दोन गोष्टी मागतो: मजकूर खरा हवा, आणि तो प्रसिद्ध होणं लोकहितासाठी गरजेचं हवं. हे दाखवण्याचा भार आरोपीवर, म्हणजे तुमच्यावर. मात्र ते संशयातीत सिद्ध करावं लागत नाही. शक्यतेचं पारडं तुमच्याकडे झुकलं तरी पुरतं.

लोक बुडतात ते 'खरं' या शब्दापाशीच. समजा तुम्ही लिहिलंत, 'खजिनदाराने चार लाख खाल्ले', आणि लेखापरीक्षण अहवाल म्हणतो, 'चार लाखांच्या खर्चाची व्हाउचर्स मिळाली नाहीत'. अहवालाने व्हाउचर्स नसल्याचं सिद्ध होतं, खाल्ल्याचं नाही. उलटतपासणीत फिर्यादीचा वकील नेमका हाच फरक पकडतो. म्हणून अहवालातलंच वाक्य लिहावं, पुढचा निष्कर्ष सभासदांना काढू द्यावा.

लोकहिताचं म्हणाल तर सोसायटीचा पैसा हा सभासदांचाच विषय, त्यामुळे त्यांच्या ग्रुपपुरता बचाव चांगला आहे. तोच मेसेज खजिनदाराच्या ऑफिसात किंवा नातेवाइकांत फिरवलात, त्यात त्याच्या घरची भांडणं घातलीत, तर हा बचाव ढासळतो.

शंभर टक्के सत्य सिद्ध होण्यासारखं नसेल तर नववा अपवाद बघा: लोकहितासाठी, सद्भावपूर्वक केलेला आरोप. कायद्यात सद्भाव म्हणजे नुसता चांगला हेतू नव्हे, पुरेशी काळजी घेऊन केलेली कृती. लिहिण्याआधी समितीकडे हिशेब लेखी मागितला होतात का? त्या पत्राची तारखेची पोच इथे सोन्याच्या मोलाची.

अहवालाची प्रमाणित प्रत काढा. चॅटच्या नुसत्या प्रिंटवर विसंबू नका, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं. मूळ फोन जपा, मेसेज डिलीट करू नका.

गुन्हा अदखलपात्र (पोलीस आपणहून तपास करत नाहीत) आणि जामीनपात्र आहे, शिक्षा कमाल 2 वर्षं साधी कैद. फिर्यादीला 3 वर्षांच्या आत थेट मॅजिस्ट्रेटकडे जावं लागतं, आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम 223 नुसार मॅजिस्ट्रेटनी फिर्यादीची दखल घेण्याआधी तुमचं म्हणणं ऐकावं लागतं. ती नोटीस आली तर हजर राहाच. अपवाद फिर्यादीच्या कागदांतूनच उघड दिसत असेल तर मॅजिस्ट्रेट तिथेच तो विचारात घेऊ शकतात. नाहीतर तो पुराव्यानिशी खटल्यातच मांडावा लागतो.