उत्तर आयर्लंडमध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट एकमेकांच्या जिवावर का उठले होते? १९९८ च्या करारानंतर ते सगळं मिटलं का?

दोन्ही प्रश्न एकमेकांत अडकलेले आहेत, म्हणून उत्तरही एकत्रच देतो. कामानिमित्त मी काही वर्षं तिथल्या राजधानीत, बेलफास्टमध्ये, काढली. पोप किंवा बायबलवरून वाद घालणारा माणूस तिथे मला भेटल्याचं आठवत नाही. वाद निघायचे ते घरांवरून, नोकऱ्यांवरून, पोलिसांवरून आणि कोणाच्या मेलेल्यांची दखल घेतली गेली यावरून. कॅथलिक-प्रोटेस्टंट ही तिथे जवळपास जातीसारखी ओळख आहे. ती जन्माने मिळते आणि आयुष्यात चर्चची पायरी न चढलेल्यालाही सुटत नाही.

सुरुवात सतराव्या शतकात. आयर्लंडच्या उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतातले गेलिक, म्हणजे मूळचे आयरिश कॅथलिक, सरदार १६०७ मध्ये देश सोडून गेले. त्यांच्या जमिनी इंग्लंडच्या राजाने जप्त केल्या आणि १६०९ पासून स्कॉटलंड-इंग्लंडमधून आणलेल्या प्रोटेस्टंट लोकांना त्यावर वसवलं. १६९० मध्ये बॉइन नदीकाठी प्रोटेस्टंट राजा विल्यमने कॅथलिक राजा जेम्सला हरवलं. त्या विजयाच्या मिरवणुका ऑरेंज ऑर्डर ही प्रोटेस्टंट संघटना आजही दर १२ जुलैला काढते. मधली दोन शतकं गाळून थेट १९२१ च्या फाळणीवर येतो, जेव्हा बाकीचं आयर्लंड ब्रिटनपासून वेगळं निघालं. अल्स्टरचे परगणे नऊ, पण ब्रिटनकडे ठेवले सहाच, कारण नऊ घेतले असते तर प्रोटेस्टंट बहुमत बरंच कमी झालं असतं. थोडक्यात, सीमा आखली ती डोकी मोजून, आणि ती मोजणी आजतागायत थांबलेली नाही. ब्रिटनमध्येच राहू इच्छिणारे ते युनियनिस्ट, बहुतेक प्रोटेस्टंट. आयर्लंड एक व्हावं म्हणणारे ते नॅशनॅलिस्ट, बहुतेक कॅथलिक.

पुढची पन्नास वर्षं तिथे एकाच पक्षाचं, युनियनिस्टांचं, सरकार होतं. या काळातल्या कारभाराकडे नीट बघितल्याशिवाय पुढचं काही कळत नाही, आणि बहुतेक लेखांत नेमका हाच भाग दोन ओळींत उरकलेला असतो.

स्थानिक निवडणुकीत मत प्रत्येक सज्ञान माणसाला नव्हतं. ज्याच्या नावावर घर, मालकीचं किंवा भाड्याचं, त्याला आणि त्याच्या नवऱ्याला किंवा बायकोला मत. आईबापांच्या घरात राहणाऱ्या थोरल्या मुलांना नाही, पोटभाडेकरूला नाही. उलट कंपन्यांच्या मालकांना जादा मतं. आता यात सरकारी घरं घाला. ती वाटायची कोणी? त्याच स्थानिक कौन्सिलने. म्हणजे कौन्सिलने एका कुटुंबाला घर दिलं की दोन मतं जन्माला आली. कॅथलिक कुटुंबाला घर देणं म्हणजे विरोधकांची दोन मतं आपल्या हाताने वाढवणं! मग आठ-दहा माणसं एका खोलीत कोंबून राहत असली तरी यादी पुढे सरकायची नाही.

डेरी शहरात तर कमाल होती. जवळपास दोन तृतीयांश लोकवस्ती कॅथलिक, पण वॉर्डांच्या सीमा अशा कापलेल्या की कौन्सिलवर युनियनिस्ट १२ आणि नॅशनॅलिस्ट ८. बहुतेक कॅथलिक मतदार एकाच मोठ्या वॉर्डात कोंडले होते. त्यामुळे नवी घरं बांधायची तर त्याच वॉर्डात, दुसरीकडे बांधली की गणित बिघडणार.

ठिणगीही घरावरूनच पडली. जून १९६८ मध्ये टायरोन परगण्यातल्या कॅलेडन गावात एक सरकारी घर १९ वर्षांच्या अविवाहित प्रोटेस्टंट मुलीला मिळालं, मुलाबाळांची कॅथलिक कुटुंबं मात्र ताटकळत राहिली. ऑस्टिन करी नावाचा नॅशनॅलिस्ट आमदार त्या घरात जाऊन बसला, पोलिसांनी त्याला बाहेर काढलं. ५ ऑक्टोबरला डेरीत नागरी हक्कांच्या मोर्चावर पोलिसांनी लाठ्या चालवल्या आणि ते दृश्य टीव्हीवरून घराघरांत पोचलं. मोर्चाच्या मागण्या काय होत्या, तर प्रत्येकाला एक मत आणि घरांचं न्याय्य वाटप. संयुक्त आयर्लंड हा त्या चळवळीचा कार्यक्रमच नव्हता. सरकारने ते मुकाट्याने दिलं असतं तर पुढचं बरंच टळलं असतं, असं मला वाटतं.

ऑगस्ट १९६९ मध्ये जमावांनी एकमेकांच्या वस्त्या पेटवल्या आणि ब्रिटिश सैन्य रस्त्यावर उतरलं. बेलफास्टमध्ये तेव्हा जाळलेल्या एका कॅथलिक गल्लीचं नाव बॉम्बे स्ट्रीट. होय, आपलंच बॉम्बे. शेजारी काश्मीर रोडही आहे, साम्राज्याच्या खुणा. ती गल्ली पुन्हा बांधली गेली, आणि आज तिच्या मागच्या अंगणांना जाळीचे पिंजरे आहेत, कारण पलीकडच्या प्रोटेस्टंट वस्तीतून, मधल्या भिंतीवरून, वस्तू येऊन पडत. ती भिंत अजून उभी आहे.

पुढची तीस वर्षं थोडक्यात. १९६९ च्या अखेरीस आयआरए, म्हणजे आयर्लंड एक करण्यासाठी लढणारी सशस्त्र संघटना, फुटून प्रोव्हिजनल आयआरए तयार झाली, समोर लॉयलिस्टांच्या, म्हणजे ब्रिटनच्या बाजूच्या कट्टर प्रोटेस्टंटांच्या, सशस्त्र टोळ्या. १९७१ पासून खटल्याविना कैद, सुरुवातीला जवळजवळ फक्त कॅथलिकांना. ३० जानेवारी १९७२ ला डेरीत सैनिकांनी मोर्चावर गोळ्या झाडून १३ जणांना जागीच मारलं, चौदावा नंतर गेला. त्यानंतर आयआरएकडे तरुणांची रांग लागली. १९८१ मध्ये तुरुंगातल्या उपोषणात १० रिपब्लिकन, म्हणजे आयर्लंड एक करण्यासाठी शस्त्र उचललेले, कैदी मेले. त्यांतला बॉबी सँड्स उपोषण चालू असतानाच ब्रिटिश संसदेवर निवडून आला होता. बंदुकीसोबत मतपेटीचाही उपयोग होतो, हे आयआरएशी जोडलेल्या शिन फेन या पक्षाला तिथे उमगलं.

इथे आपल्या वाचकांसाठी एक सूचना. समोर इंग्रज दिसला की आपण आपोआप आयरिश बाजूला झुकतो. पण साडेतीन हजारांहून अधिक मृतांपैकी सुमारे ६० टक्के रिपब्लिकन संघटनांनी मारले, सुमारे ३० टक्के लॉयलिस्टांनी आणि १० टक्क्यांच्या आसपास सैन्य-पोलिसांनी. आयआरएने कॅथलिकांनाही मारलं. दहा मुलांची विधवा आई जीन मॅककॉनव्हिल हिला १९७२ मध्ये घरातून उचललं, तिचे अवशेष २००३ मध्ये एका किनाऱ्यावर सापडले. आणि हे सगळं जेमतेम १५ लाख वस्तीच्या प्रदेशात. तिथे प्रत्येकाच्या ओळखीत कोणीतरी गेलेलं असतंच.

१० एप्रिल १९९८ च्या गुड फ्रायडे कराराला उत्तर आयर्लंडमधल्या ७१ टक्के मतदारांनी कौल दिला. तोडगा असा: बहुमताला वाटत नाही तोवर प्रदेश ब्रिटनमध्येच राहील, उद्या वाटलं तर सार्वमत घेऊन आयर्लंडमध्ये जाईल, आणि तोवर दोघांनी मिळून राज्य करायचं. दोन्ही बाजूंचे कैदी दोन वर्षांत सोडले. ज्यांच्या घरातली माणसं गेली त्यांना मारेकरी बाजारात समोर दिसू लागले. ही किंमत फार मोठी होती, तरी सौदा योग्य होता असंच माझं मत आहे.

पण या सौद्याने दोन समाजांतली फूट कायद्यात लिहून ठेवली. विधानसभेत निवडून आल्यावर प्रत्येकाला स्वतःची नोंद युनियनिस्ट, नॅशनॅलिस्ट किंवा इतर अशी करावी लागते. मुख्यमंत्री आणि उपमुख्यमंत्री दोन गटांतून येतात, दोघांचे अधिकार सारखे, आणि एकाने राजीनामा दिला की दुसऱ्याची खुर्चीही जाते. म्हणून २०१७ ते २०२० आणि पुन्हा २०२२ ते २०२४ सरकारच नव्हतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये शिन फेनच्या मिशेल ओ'नील मुख्यमंत्री झाल्या, त्या पदावरच्या पहिल्या नॅशनॅलिस्ट. त्याआधी २०२१ च्या जनगणनेत कॅथलिक पार्श्वभूमीचे लोक ४५.७ टक्के आणि प्रोटेस्टंट ४३.५ टक्के निघाले. बहुमतासाठी आखलेल्या सीमेच्या आत आता बहुमत कोणाचंच नाही.

शाळा अजून वेगळ्या आहेत. दोन्हीकडची मुलं ठरवून एकत्र शिकवणाऱ्या शाळांत दहा टक्केसुद्धा मुलं जात नाहीत. दोन वस्त्यांमधल्या अशा भिंती २०२३ पर्यंत पाडू असं सरकारने २०१३ मध्ये जाहीर केलं होतं, त्यांतल्या बहुतेक तशाच आहेत. भिंतीलगत राहणाऱ्यांनाच त्या हव्या असतात, हे दुरून आलेल्यांना पटत नाही.

सगळ्यात अवघड राहिला तो भूतकाळ. डेरीच्या त्या गोळीबाराची दुसरी चौकशी १९९८ ते २०१० चालली, जवळपास २० कोटी पौंड खर्च झाले, मृत निर्दोष ठरले आणि पंतप्रधान कॅमेरॉन यांनी संसदेत माफी मागितली. बाकीच्या हजारो कुटुंबांच्या वाट्याला अशी चौकशी आली नाही. २०२३ मध्ये ब्रिटिश सरकारने त्या काळातल्या आपल्या गुन्ह्यांची माहिती देणाऱ्यांना खटल्यांतून अभय देणारा कायदा केला, तेव्हा एरवी कशावरच एकमत न होणारे तिथले सगळे मोठे पक्ष एकजुटीने विरोधात गेले. पुढच्याच वर्षी बेलफास्टच्या उच्च न्यायालयाने ती अभयाची तरतूद मानवाधिकारांशी विसंगत ठरवली.