गाडी उभी असते तेव्हा

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

ट्रकचं हेवी लायसन हातात आल्याचं तुझ्या आईनं फोनवर सांगितलं. पेढे पोचले. ट्रान्सपोर्टच्या लायसनला वीस वर्षांची अट नसती तर तू मागच्याच साली गाडीवर चढला असतास, हे मला ठाऊक आहे.

चाकणच्या शेठचं बोलणंही तिनं सांगितलं. पगार १५ हजार, किलोमीटरला २ रुपये भत्ता, लाईन बेंगळुरूची. महिन्याला सहा ट्रिपा मारल्या तर किती, हा हिशोब तू एव्हाना चार वेळा केला असशील. मीही केला होता, निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरात, सिगारेटच्या पाकिटाच्या पाठीवर. कागदावर तो नेहमी झकास येतो.

आता माझ्या पद्धतीनं कर. जाऊन-येऊन साधारण १,७०० किलोमीटर धर. भत्ता झाला ३,४०० रुपये. पोटाला दिवसाचे ३०० लागतात. चार दिवसांत फेरी झाली तर २,२०० उरतात. पण तिकडे गाडी खाली व्हायला दीड दिवस गेला आणि परतीचं भाडं मिळायला आणखी दीड, की झाले सात दिवस, आणि उरले १,३००. रस्ता तेवढाच, स्टेअरिंग तेवढंच. नऊशे रुपये गेटबाहेर उभं राहण्यात गेले. शिवाय सहा ट्रिपांच्या चार झाल्या, ते वेगळंच.

तेव्हा शेठशी किलोमीटरच्या रेटवर घासाघीस नंतर कर. आधी विचार, गाडी उभी असते तेव्हा मला काय? पार्टीकडून, म्हणजे ज्याचा माल त्याच्याकडून, हॉल्टिंग (गाडी अडकून राहिल्याचे पैसे) तो वसूल करतोच. त्यातलं ड्रायव्हरला किती, हे कुणी बोलून ठेवत नाही, आणि बोललेलं नसलं की मिळत नाही. रोजाला अमुक इतके, एवढी एक ओळ व्हॉट्सअ‍ॅपवर मागून घे. पार्टीच्या गेटवर पोचलास की एलआरवर, म्हणजे मालाच्या ट्रान्सपोर्ट पावतीवर, वेळ टाकून शिक्का घे, खाली झाल्यावर पुन्हा घे. वॉचमन कुरकुर करेल. करू दे. तो शिक्का देईना तर गेटचा पाटीसकट फोटो काढून लगेच शेठला पाठव, म्हणजे वेळ आपोआप नोंदली जाते.

मी एकदा पुण्याजवळच्याच एका कारखान्याबाहेर एकतीस तास होतो. मे महिना. पत्रा इतका तापलेला की दाराला हात लावायचा तर फडकं लागे. (२०२५ पासून मोठ्या ट्रकना नव्या बनावटीत एसी केबिन सक्तीची झाली, हे ऐकून मी तुझ्या काकूला दोनदा सांगितलं.) रात्री रांग दर तासा-दोन तासांनी एक-दोन गाड्यांनी सरकायची, म्हणून झोपायची सोय नाही. डुलकी लागली की मागचा उठवत नसे, बाजूनं पुढं घुसत असे. संडास आत होता, कामगारांसाठी. खर्ची, म्हणजे वाटखर्चाला मिळालेले पैसे, संपत आली तेव्हा किन्नरानं (गाडीवरच्या क्लीनरनं) स्टोव्हवर भात लावला आणि आम्ही तो ढाब्यावरून आणलेल्या लोणच्याच्या पुडीशी खाल्ला. गाडी खाली झाली तेव्हा सुपरवायझरचा फोन आला: लगेच नीघ, सकाळी माल भरायचाय, आणि एकतीस तास आराम तर झालाय तुझा.

त्या रात्री मी खंबाटकी घाटात जे केलं ते तुला कधी सांगितलं नव्हतं. डोळा लागला. किन्नरानं स्टेअरिंगवर हात मारला म्हणून वाचलो. १९६१ च्या मोटर ट्रान्सपोर्ट कामगार कायद्यानं दिवसाला ८ तास काम आणि ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती ठरवून दिली होती. माझ्या तीस वर्षांत हे आकडे केबिनमध्ये कुणी उच्चारले नाहीत. तू पाच तासांचा तेवढा पाळ. ढाब्यावर अर्धा तास पाय लांब केलेस म्हणून कुणाचा कारखाना बंद पडत नाही.

दुसरं डिझेलचं. शेठ म्हणेल, एवढं अ‍ॅव्हरेज काढ, वर वाचेल ते निम्मं तुझं. बक्षीस वाटतं खरं, पण कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना तेच बक्षीस हाताला न्यूट्रलकडे नेतं. कुणी कुणी इंजिनच बंद करतात. गिअर काढलास की इंजिनाचा अटकाव गेला, सगळा भार ब्रेकवर. ड्रम तापतात, लायनर धरत नाही. इंजिन बंद असेल तर कॉम्प्रेसर हवा भरत नाही. टाकीत आहे तेवढ्याच हवेवर प्रत्येक ब्रेक, आणि स्टेअरिंग दगडासारखं. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याच उतारावर एका अवजड गाडीनं रांगेनं गाड्या ठोकल्या, ते तू टीव्हीवर पाहिलं असशील. चढताना जो गिअर लागतो त्याच गिअरमध्ये उतर. डिझेलचे शे-दोनशे शेठच्या तोंडावर सोड.

ओव्हरलोडचंही आधीच बोलून घे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड २० हजार आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार आहे. शेठ भरेन म्हणेल, मग उचलीत कापेल. वजनकाट्याची पावती पाहिल्याशिवाय ताडपत्री बांधायला घेऊ नकोस. वाराईचं, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या हमालीचं, तसंच. ज्याचा माल त्याचा हमाल, असं सगळे म्हणतात, पण गोदामात पैसे खर्चीतूनच जातात. पावती नसेल तर हमालाचं नाव आणि रक्कम वहीत टिपून ठेव.

मूळ लायसन शेठकडे ठेवायला देऊ नकोस. ‘सगळेच ठेवतात’ म्हणाला तरी नको.

आणि गाडीचा विमा बघ. पॉलिसीत पेड ड्रायव्हरच्या जबाबदारीची एक ओळ असते, तिचा वर्षाचा हप्ता माणशी ५० रुपये. चाळीस लाखांच्या गाडीवर ते पन्नास रुपये वाचवणारे शेठ मी पाहिले आहेत. रविवारी दुपारी ये. येताना पॉलिसीची झेरॉक्स मागून आण, ओळ कुठे असते ते दाखवतो. झेरॉक्स द्यायला त्यानं किती दिवस लावले, तेही सांग.

तुझा,
काका

ता. क. काकूनं पेढ्यांचा डबा धुऊन ठेवलाय, तो न विसरता ने.