आई एक सांगेल, पोरगं दुसरं

प्रिय पोरी,

सिकलसेल, म्हणजे आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार, असलेल्या मुलांवरचा तुझा संशोधन प्रस्ताव वाचला. विषय योग्य आहे, पण पहिल्याच पानावरचं 'मूल व पालक यांची एकत्रित मुलाखत' हे खोड. दोघांना शेजारी बसवलंस तर आई बोलेल, पोरगं अंगठ्याने जमीन उकरत राहील आणि तू दोघांचे अनुभव मिळाले असं लिहून मोकळी होशील.

गडचिरोलीकडच्या घरांत मी वारंवार ऐकलंय ते असं. आई म्हणते, "आता बरा हाये, काई दुखत नाई." पोरगं अंगणात एकटं सापडलं की सांगतं, दुखतं, पण मी सांगत नाही. सांगितलं की भरती करतात, आईची मजुरी बुडते, धाकटीला शेजारी ठेवावं लागतं. आईबापही लपवतात, पोराला फक्त कावीळ म्हणून सांगितलेलं असतं. म्हणून मुलासमोर 'सिकलसेल' हा शब्द तू आधी काढू नकोस. दवाखान्यात कशाला नेतात, हे त्यालाच विचार आणि पुढे त्याचेच शब्द वापर. दोघांचं म्हणणं जुळलं नाही तर जुळवत बसू नकोस. तुझं संशोधन तिथंच आहे.

वेदनेला दहापैकी किती गुण, असले प्रश्न आठ वर्षांच्या पोराला कळत नाहीत. तान्हा पोळ्याला लाकडी बैल घेऊन किती घरं फिरलास, कुठे बसावं लागलं, हे विचार. मग बघ कसं बोलतं. तशीही धानाच्या रोवणीत जाऊ नकोस, घरी कुणी भेटणार नाही. पोळ्यानंतर, धान कापणीच्या आधी जा. पावसात भिजणं, थंडी, पाणी कमी पिणं यांनी दुखणं उसळतं, तेव्हा रोवणीच्या दिवसांत काय झालं ते त्या वेळी ताजं असतं.

आयसीएमआर, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, हिच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे 7 ते 12 वर्षांच्या मुलाची तोंडी संमती लागते, त्यापुढे 18 पर्यंत लेखी. पालकांच्या सहीवर भागत नाही. पण खेड्यातलं पोरगं तुला तोंडावर 'नाही' म्हणणार नाही. पाणी प्यायला म्हणून उठेल आणि परत येणार नाही. तो नकार समज, मागे जाऊ नकोस.

'घराण्यात आधी कुणाला होतं?' हा प्रश्न सासूसमोर तर मुळीच नको. आईबाप दोघंही वाहक असले, म्हणजे स्वतःला आजार नसून तो पुढे देऊ शकणारे असले, तर दर गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. म्हणजे वाटा दोघांचा, पण बोट दाखवलं जातं बाईच्या माहेराकडे. बापाला वेगळं गाठ. तुझ्या यादीत बाप जवळजवळ नाहीतच, हे मला पटलेलं नाही.

लोक तुलाही विचारतील. सिकलसेल 2016 च्या अपंग हक्क कायद्यात आहे, हे माहीत असू दे. प्रमाणपत्रासाठी कुठे जायचं ते आशाताईंकडून आधीच समजून घे. मुलाखतीत पोराला दुखू लागलं तर रेकॉर्डर बंद, आधी दवाखाना. आणि नाव बदललं म्हणजे ओळख लपली असं नाही. तालुका, इयत्ता, बापाचं काम एवढं छापलंस की अख्ख्या गावाला कळतं, विशेषतः मुलगी असेल तर. पुढे तिच्या लग्नाचा प्रश्न येतो.

प्रश्नावली दोन भागांत करून पाठव. मुलांचा भाग एका पानाच्या वर नको.

तुझा,
सर